शून्य लावायची हवा

"वास येतोय," नर्सबाई म्हणाल्या. "आत बसलं की डोकं धरतं. काचा खाली केल्या तरी जात नाही."

त्याने गाडीचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि मोठा श्वास घेतला. काहीच आलं नाही. पंधरवड्यापूर्वी याच गाडीचं मिक्स्चर त्याने स्वतः लावलं होतं. इंजिनाला हवा किती आणि पेट्रोल किती, हे मशीनवर बघून कार्बोरेटरच्या स्क्रूवर जुळवून देणं हेच त्याचं काम. जुन्या गाड्या बाळगणारे लोक लांबलांबून त्याच्याकडे येत, आणि गॅरेजात त्याला सगळे काटा म्हणत, कारण तो माणसांशी बोलतानाही डायलवरच्या काट्याकडे बघतो असं भागीदाराचं म्हणणं होतं. "मला तर काही येत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला नाहीच यायचा," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही यातच असता ना. आमच्या वॉर्डात नवीन मुलगी लागली की पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावून फिरायची. नंतर विचारलं की म्हणायची, कसला वास?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रिटायर झालेल्या बाईकडे असतो तसा भरपूर वेळ घेऊन त्या बाकावर बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढलं. तो मात्र गाडीचं दार धरून तसाच उभा राहिला. तुम्ही यातच असता. एरवी असलं वाक्य त्याच्या कानावरून गेलं असतं, पण आजचा दिवस एरवीसारखा नव्हता. सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवता ठेवता बायको म्हणाली होती, "मी लेकीकडे चाललेय. संध्याकाळी ती न्यायला येईल." त्याने विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "बघू." आणि मग ओट्याकडे वळून तिने भांड्यावर झाकण ठेवलं, इतकं हळू की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

त्या 'बघू'चं काय करायचं हे त्याला सकाळपासून कळत नव्हतं. बायको यापूर्वीही लेकीकडे राहून आली होती, पण तेव्हा दिवस ठरलेले असत, फ्रिजमध्ये डबे भरलेले असत, कुठल्या डब्यात काय हे ती दोनदोनदा सांगत असे. या वेळी डबे नव्हते. पलंगाखालची मोठी बॅग मात्र बाहेर आली होती. ती परत येणार नाही, हे त्याला त्या बॅगेवरून कळलं होतं आणि कळलं नाही असं दाखवून तो बूट घालून निघाला होता. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तो मनाशी एकच गोष्ट घोळवत होता, की आपलं कधी भांडण झालेलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. भांडण नाही, व्यसन नाही, हात उचलणं तर दूरच, मग बाईमाणूस घर सोडून जातं ते कशापायी. हे तो कुणाला तरी विचारणार होता आणि विचारायला कुणी नव्हतं, म्हणून गॅरेज उघडून त्याने रोजच्यासारखं मशीन लावलं होतं.

नर्सबाईंची गाडी त्याने मागच्या भिंतीजवळ घेतली. इंजिन गरम होऊ दिलं, मशीनची नळी सायलेन्सरमध्ये खुपसली आणि डायलसमोर उभा राहिला. मशीन तो धूर आत ओढतं आणि त्यात अर्धवट जळलेला गॅस किती, न वापरलेला प्राणवायू किती, हे दाखवतं. त्यावरून इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेर कळतं. काटे हलले, डगमगले आणि जिथे असायला हवेत तिथेच येऊन थांबले. दोन्ही. जागा अशी बरोबर होती की कुणालाही समाधान वाटावं, आणि त्याला नेहमी वाटायचंच. या कामातला हाच क्षण त्याला आवडायचा. आज तो थांबलेल्या काट्यांकडे बघत राहिला आणि त्याला कंटाळा आला, हाडांत मुरलेला, झोपेने न जाणारा. मग इंजिन बंद करून त्याने प्लग काढले. प्लग काळे होते. बोटाने पुसले तर काजळी बोटावर आली, मऊ, ओलसर. म्हणजे पेट्रोल जास्त होतं, नुसतं जास्त नाही, इंजिन त्यात बुडत होतं. आणि मशीन म्हणत होतं की सगळं छान आहे.

"तुझं मशीन खोटं बोलत नाही म्हणतोस ना?" भागीदार खांद्यावरून डोकावून म्हणाला. हा भागीदार बोलका, गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याच्या पोराबाळांची चौकशी करणारा. गॅरेज चालतं ते त्याच्या तोंडावर आणि काट्याच्या हातावर, असं तो स्वतःच सांगे. "मग प्लग खोटे का? का बाई खोट्या?"

"खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "आपण त्याला जे शिकवलंय तेच बोलतं."

त्याने एअर फिल्टर पाहिला, चोक पाहिला, पेट्रोल सोडणारी बारीक जेट पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. काम करताना त्याचे हात आपले आपले चालत आणि डोकं भलतीकडे जाई, ही त्याची जुनी खोड होती. आता ते गेलं लहानपणच्या घराकडे. त्या घरात त्याच्या बापाचा आवाज होता. बाप आला की आधी आवाज यायचा, मग बाप. ताट भिंतीवर आपटलं की शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद व्हायचा, लोकांना नीट ऐकू यावं म्हणून. आईसुद्धा काही कमी नव्हती, तिचा आवाज बापाच्या आवाजावर चढायचा आणि दोघं मिळून ती खोली एवढीशी करून टाकायचे. तो जिन्यात बसून राहायचा. येणारेजाणारे त्याच्या डोक्यावर हात ठेवून वर जायचे आणि तो हात त्याला त्या आवाजापेक्षा जास्त लागायचा. तिथेच त्याने ठरवलं होतं, की आपल्या घरात कुणाचा आवाज चढणार नाही. माणसं गाडी, बंगला, काय काय ठरवतात. त्याने एवढंच ठरवलं होतं आणि ते खरं करून दाखवलं होतं. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत बायको एखादी गोष्ट तावातावाने काढायची. तिला शाळेत नोकरी मिळत होती, लांबची. घ्यावी की नाही यावर ती संध्याकाळभर बोलत होती, स्वतःच हो म्हणत होती, स्वतःच नाही म्हणत होती, आणि तिचा आवाज जरा वर गेला तसा तो "तुला हवं तसं कर" म्हणून उठून बाल्कनीत गेला होता. किती समजूतदार नवरा, असं त्याला स्वतःबद्दल वाटलं होतं. तिने नोकरी घेतली नाही. का घेतली नाही ते त्याला माहीत नव्हतं. विचारायचं राहूनच गेलं होतं.

आणि एकदा, तिची आई गेली त्या वर्षी, तिने कप भिंतीवर फेकला होता. काही कारण नव्हतं, तो टेबलाशी पेपर वाचत होता. कप फुटला, आणि त्याच्या अंगावर लहानपणी जिन्यात बसल्यावर यायचा तसा काटा आला, पण तो एक अक्षर बोलला नाही. उठला, केरसुणी आणली, एकेक तुकडा गोळा केला, लेकीच्या पायात जाईल म्हणून पलंगाखालीही झाडलं. ती उभी राहून त्याच्या झाडण्याकडे बघत होती. आपण बापासारखे झालो नाही, याचा त्याला त्या रात्री केवढा आनंद झाला होता. त्यानंतर तिने कधी काही फेकलं नाही. त्याला वाटलं, सावरली.

जेटमधून फुंकर मारताना त्याची नजर वर गेली. भिंतीतला पंखा बंद होता. हा धूर बाहेर ओढणारा मोठा पंखा, त्याचा आवाज म्हणजे कानठळ्या. फोनवर बोलता येत नाही म्हणून भागीदार कुरकुरायचा, पण शेवटी बंद केला होता काट्यानेच. महिना होऊन गेला असेल. बंद केल्यावर गॅरेजात जी शांतता झाली ती त्याला इतकी बरी वाटली की पुन्हा लावावा असं मनातच आलं नाही. खिडकीही त्याच सुमारास लावून घेतली होती आणि खिडकीतून बाहेर सोडलेली मशीनची बारीक नळी आत ओढून घेतली होती. नळी खाली जमिनीवर पडली होती, वेटोळं होऊन. तो तिच्याकडे बघत राहिला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मशीन त्या नळीतून हवा घेतं. ही स्वच्छ हवा, असं समजून तिथे शून्य लावतं. दिवसभर जे काही मोजायचं ते त्या शून्यापासून. त्याची पद्धत अशी, की आधी दोनतीन गाड्या सुरू करून गरम करायला लावायच्या आणि मग मशीन चालू करायचं, वेळ वाचतो. पंखा चालू होता, नळी बाहेर होती, तोवर त्यात काही चुकत नव्हतं. महिनाभर मात्र मशीन रोज सकाळी या खोलीतला धूर ओढत होतं आणि हेच शून्य, हीच चांगली हवा, असं धरून चालत होतं. मग धुरात धूर कमी दिसणारच. प्राणवायू जास्त दिसणारच. मशीन म्हणायचं, हिला पेट्रोल कमी पडतंय, आणि तो स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचा, काटा जागेवर येईपर्यंत, आणि समाधानाने हात पुसायचा.

तो खाली बसला, टायरवर. घाम आला होता. माणसाची यंत्राशी तुलना करण्याची त्याला मनापासून चीड होती. भागीदार आपल्या बायकोला क्लच म्हणायचा ते त्याला ऐकवत नसे. पण आता डोकं थांबायला तयार नव्हतं. बापाचं घर हे त्याचं शून्य होतं. त्या घरापासून मोजलं तर त्याचं स्वतःचं घर म्हणजे स्वर्गच, आणि एवढी वर्षं काटा कसा छान जागेवर होता. मोजायला सुरुवात केली तीच जागा नासलेली होती, हे आज या वयात, गुडघ्यावर काजळी पुसत, कुणा परक्या बाईच्या एका वाक्यावरून कळावं, याचं त्याला दुःख झालं, आणि थोडी लाजही वाटली. फार मोठं दुःख नव्हतं ते. मोठ्या दुःखाला लागते तेवढी ताकदच त्याच्यात उरलेली नव्हती.

मशीनला चाकं होती. मागचं दार उघडून, लांब वायर ओढत, ते त्याने बाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. तिथे इमारत व्हायची होती, ती बरीच वर्षं व्हायचीच होती. गवत वाढलं होतं आणि वारा होता. त्याने नळी हातात धरून उंच केली आणि मशीनला पुन्हा शून्य लावायला सांगितलं. ते हवा ओढत राहिलं. तोही ओढत राहिला, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून. मग मशीन आत आणलं. दारातून दोन पावलं आत टाकली आणि त्याला ठसका लागला. वास. पेट्रोलचा, जळक्या तेलाचा, धुराचा, घशात तिखट उतरणारा. डोळ्यांत पाणी आलं. या खोलीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "काय झालं रे?" भागीदाराने विचारलं. "वास किती येतोय," तो म्हणाला. भागीदाराने इकडेतिकडे हुंगून पाहिलं. "कसला?" तो म्हणाला. बाकावरच्या नर्सबाई विणता विणता हसल्या.

नळी पुन्हा सायलेन्सरमध्ये घातली तेव्हा काटे पार दुसऱ्या टोकाला गेले. त्याने स्क्रू आत घेतला, हळूहळू, इंजिनाचा आवाज मोकळा होईपर्यंत. आणि कामाच्या मध्येच त्याच्या लक्षात आलं की वास गेलाय. वास तिथेच होता, पंखा अजून बंदच होता. त्याचं नाकच गेलं होतं परत. एवढ्यात. एक गाडी लावून व्हायच्या आत. या गोष्टीने तो खरोखर घाबरला. त्याने उठून पंखा लावला, खिडकी उघडली, आणि त्या घरघराटात बाकापाशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "चूक माझी होती. गाडीत काही नव्हतं. आता नाही येणार वास."

"झालं मग," नर्सबाई म्हणाल्या आणि सुया पिशवीत घातल्या.

"तुम्हाला," त्याने जरा घुटमळून विचारलं, "वॉर्डातला वास कधी यायचाच नाही का?"

"यायचा की. सुट्टीवरून आलं की पहिल्या दिवशी, दारात. बाई गं, यात आपण राहतो, असं वाटायचं. मग हात धुतले, कामाला लागलं की गेला." त्या उठल्या. "तेवढ्यात काय खिडक्याबिडक्या उघडायच्या त्या उघडून घ्यायच्या."

भागीदाराला त्याने सांगितलं की महिनाभरातल्या सगळ्या गाड्या परत बोलवायला लागतील. भागीदाराने डोक्याला हात लावला. "लोकांना फोन करून काय सांगू? काटा चुकला म्हणून?" "सांग," तो म्हणाला, "आणि मी आता घरी जातोय." दुपार नुकती कलली होती. एवढ्या वेळी तो कधी घरी गेला नव्हता, आणि भागीदार एरवी काहीतरी बोलला असता, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याने फोन हातात घेतला.

घराकडे तो पायी गेला, लांबच्या रस्त्याने. थकवा इतका होता की वाटेतल्या प्रत्येक बाकावर बसावंसं वाटत होतं, आणि बसलो तर उठणार नाही हे माहीत होतं. जाऊन काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. जाऊ नकोस म्हणावं, तर ती "तुम्हाला हवं तसं" म्हणून राहील, इतकी त्याने तिला सवय लावली होती, आणि त्या राहण्याला काही अर्थ नव्हता. जा म्हणावं, तर तेच, समजूतदार नवरा, बाल्कनी. त्याला ती हवी होती. हे तो मनाशी सरळ म्हणाला, रस्त्यात, एका दुकानाच्या काचेसमोर. ती हवी होती, आणि आपल्या घरात ती कशी राहत होती याची आपल्याला कल्पना नाही.

दार लेकीने उघडलं. ती लवकर आली होती. आत बायको बॅगेपाशी बसली होती, दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, हसणंही असावं, आणि तो आत येताच ते बंद झालं. रोजच बंद होत असणार. रोज दारात त्याला ही शांतता भेटायची आणि तो म्हणायचा, घर कसं निवांत आहे. आज तो उंबऱ्यातच उभा राहून बघत होता. लेकीने त्याच्यासाठी खुर्ची सरकवली ती फरशीवर घासू नये म्हणून उचलून. बायकोने बॅगेची चेन ओढली ती एकेक दात सरकवत, अगदी सावकाश. कुणी तरी आजारी झोपलंय अशा बेताने दोघी वावरत होत्या. लेक लहानपणापासून खुर्ची उचलूनच ठेवायची. लोकांना तो कौतुकाने सांगायचा. आपल्याजवळ वेळ थोडा आहे, हे त्याला माहीत होतं. एकदा खुर्चीवर बसलो, बूट काढले, की हे सगळं पुन्हा दिसेनासं होईल.

"लवकर आलात," बायको म्हणाली.

"थांब म्हणत नाही मी," तो उभ्यानेच म्हणाला. "पण जायच्या आधी मला सांग. या घरात तुला काय होत होतं?"

"बाबा, आता कशाला," लेक म्हणाली.

"काही नाही होत," बायको म्हणाली. "काय व्हायचंय? तुम्ही शांत माणूस. सगळ्या मला म्हणतात, नशीब काढलंस."

"त्यांचं राहू दे. तू सांग."

ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. तो थांबला. मग ती बोलू लागली, आधी बॅगेकडे बघत, सांगू की नको असं, आणि हळूहळू मान वर करत. त्याला वाटलं नोकरीचं काढेल, कपाचं काढेल. त्यांचं नावही निघालं नाही. ती बोलत होती ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं. कुठल्याशा दवाखान्याच्या बाहेर ती एकटी बसली होती ते. तिने नवा पडदा शिवला आणि महिनाभर त्याच्या लक्षात आला नाही, मग तिने तो काढून टाकला, तेही आलं नाही. रात्री अंधारात ती त्याला हाक मारायची, जागा आहे हे माहीत असून, आणि तो झोपल्यासारखा पडून राहायचा. "भिंतीशी बोलले असते तर भिंतीने तरी आवाज परत केला असता," ती म्हणाली, आणि इथे तिचा आवाज चढला. तो चढतच गेला. बाजूच्या घरातलं कुणी तरी बोलायचं थांबलं. लेक उठून दार लावायला गेली तर बायको तिच्यावरही ओरडली, "राहू दे उघडं, ऐकू दे." तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, चेहरा लाल झाला होता, ती सुंदर वगैरे दिसत नव्हती, आईसारखी दिसत होती, त्याच्या आईसारखी. पाय आपोआप वळले, बाल्कनीकडे. त्याने खुर्चीची पाठ धरून ठेवली. खुर्ची फरशीवर करकरली, मोठ्याने, आणि तिघांनीही तिकडे पाहिलं, आणि ती पुन्हा बोलू लागली. त्याला तिचं सगळं पटत होतं असं नाही. दोन गोष्टी तर धडधडीत चुकीच्या होत्या, तसं तो म्हणालाही, "हे तसं नव्हतं," आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "तसंच होतं," ती म्हणाली. "नव्हतं," तो म्हणाला. लेक भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती. तिने हे आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

मग बायको थांबली. दम लागला म्हणून थांबली. तिने पदराने तोंड पुसलं, बॅग उचलली. तो पुढे झाला तेव्हा म्हणाली, "उचलते मी." लेक आधी खाली गेली. बायको दारात चपला घालत होती, त्याच्याकडे पाठ करून, एका हाताने भिंत धरून.

"मी उद्या फोन करीन," ती म्हणाली. "उचला. माझं बोलून झालेलं नाही अजून."

"उचलतो," तो म्हणाला.

जिन्यात तिची पावलं वाजत गेली, जोरजोरात. तो दार उघडं ठेवून उभा राहिला. त्याला तिची भीती वाटत होती, आणि तो देवाला म्हणत होता की तिचा हा राग उद्यापर्यंत ओसरू नये.